संध्याकाळी काढलेलं रक्त

माझं रक्त माझ्या सगळ्यात जुन्या मित्रानं काढलं. संध्याकाळचे सात वाजले होते. त्याच्या लॅबच्या मागच्या खोलीत बसून आम्ही नुकतेच आलुबोंडे खाल्ले होते, वर दोनदा चहा झाला होता. त्यानं माझ्या दंडाला रबर बांधलं, शीर शोधली आणि म्हणाला, "तिकडं पाह्य बे, सुईकडं पाहू नको." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत राहिलो.

पुढं दीड वर्षानं यवतमाळच्या डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतल्यावर पहिला प्रश्न विचारला तो हाच, की रक्त किती वाजता काढलं होतं, आणि पोटात काही होतं का. असं काही विचारायचं असतं हे मला त्या संध्याकाळी माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं.

मी दिग्रसला भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक आहे. लोकांच्या शेतांची मोजणी करून हद्दीचे धुरे दाखवून देणं हे माझं काम. वडील मारेगावच्या तहसील कचेरीत कारकून होते, म्हणजे कागद आणि नकाशे आमच्या घरात आधीपासूनच. हा मित्र मला यवतमाळला शिकताना भेटला. तीन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर भात शिजवला. त्यानं लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, दिग्रसला लॅब टाकली. मग वरच्या मजल्यावर जिम सुरू केली. लोक त्याला डॉक्टरच म्हणत. तो कधी नाही म्हणाला नाही, आणि मीही कधी त्याला टोकलं नाही.

माझे वडील गेले तेव्हा तो सकाळी निघून मोटारसायकलनं थेट मारेगावला आला होता. लाकडं, गाडी, दाखला, सगळं त्यानंच पाहिलं. वडिलांना खांदा देणाऱ्या चौघांत तो होता. हे सांगतो ते एवढ्यासाठी, की मी त्याच्याकडं गेलो तो मूर्खपणानं गेलो नाही. त्याच्याकडं नाही तर मी कोणाकडं जाणार होतो?

वडील गेल्यावरच्या वर्षी मला काहीतरी झालं. काय झालं ते सांगता येत नव्हतं. सकाळी उठलो की न झोपल्यासारखं वाटायचं. कार्यालयात दुपारी नकाशावर डोकं टेकायचं. एकदा महागाव रस्त्यावर गाडी चालवता चालवता डोळा लागला आणि मी सरळ तुरीच्या वावरात शिरलो. वजन वाढलं होतं, पँट्स सगळ्या आवळ झाल्या होत्या. आणि बायकोजवळ जायची इच्छा हळूहळू कमी होत होत एक दिवस पूर्ण गेली. ती गेल्याचं दुःखही वाटत नव्हतं. हे सगळ्यात विचित्र होतं.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आमचं लग्न उशिरा झालं, मी चौतीस, ती एकतीस. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले होते, तिसऱ्या महिन्यात पडलं. त्यानंतर काही नाही. एका रविवारी भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "माह्याकडून काही चुकलं काय?"

"काहून?"

"तुम्ही आजकाल माह्याकडं पाहत नाही. पाहिलं तरी भिंतीकडं पाहिल्यासारखं पाहता."

मी म्हटलं, "कामाचा ताण आहे." ती पालकाच्या काड्या मोडत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी मित्राकडं गेलो. त्याला सांगायलाही मला दोन चहा लागले. तो हसला नाही. ते मला फार बरं वाटलं होतं. म्हणाला, "अबे, एवढंच न? रक्त पाहून घेऊ." आणि तिथंच, त्याच खुर्चीत, रक्त काढलं.

दोन दिवसांनी रिपोर्ट त्यानं फोनवर पाठवला नाही, हातात दिला. "टेस्टोस्टेरॉन कमी आहे तुझं. साठीच्या माणसासारखं. गाडीत ऑइलच नसन तर गाडी कशी चालीन?"

"मग?"

"मग काय, भरू ऑइल. दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन. मी स्वतः देईन. कोणाले खबर लागणार नाही."

"डॉक्टरले दाखवायचं काय एकदा?"

"दाखव न. यवतमाळले जाय, रांगेत बस, सगळ्यायच्या समोर कंपाउंडर विचारीन, काय तकलीफ आहे म्हणून. सांगशीन?"

मी रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली.

"आन् वहिनीले कायले सांगतं? बायकांले असं सांगू नये. एकदा डोक्यात बसलं की निघत नाही." हे बोलताना त्याचा हात माझ्या खांद्यावर होता.

पहिल्या महिन्यात काही कळलं नाही. दुसऱ्या महिन्यापासून फरक पडला, आणि तो खोटा नव्हता. मी पायात बूट चढवून उन्हात चार-चार तास मोजणी करू लागलो. दाढी रोज करावी लागायची. आवाज चढायचा, राग पटकन यायचा, पाठीवर पुळ्या आल्या, पण त्याचं मला काही वाटलं नाही. बायको खूश होती. तिनं एकदा शाळेतून येताना माझ्यासाठी निळा शर्ट आणला, कारण नसताना. मी तो घालून मित्राकडं इंजेक्शन घ्यायला गेलो, आणि त्यानं मला पाहून टाळी दिली.

तो सुई नेहमी भरूनच आणायचा. बाटली, खोका, आतला कागद, काहीच मी कधी पाहिलं नाही. मागितलंही नाही.

सगळं नीट चाललंय असं वाटून आम्ही पुन्हा बाळाचं मनावर घेतलं. बायको तेव्हा सदतीसची झाली होती. यवतमाळला एका डॉक्टर बाईंकडं तिचे उपचार सुरू झाले. महिन्यातून तीन-चारदा ती सकाळची एसटी धरून सोनोग्राफीला जायची आणि दुपारी परत येऊन शाळेत उभी राहायची. गोळ्यांनी तिचं डोकं दुखायचं, पोट फुगायचं. एकदा तिच्या नळ्या तपासायला आत काहीतरी सोडलं, तेव्हा ती बाहेर आली ती भिंतीला धरून. मी पाण्याची बाटली घेऊन उभा होतो. ती म्हणाली, "तुम्ही नका येत जाऊ हो. तुमच्या सुट्ट्या जातात." दर महिन्याला तिची पाळी आली की ती दोन दिवस कोणाशी बोलत नसे.

माझ्या मनात शंका आली नाही असं नाही. मी मित्राला स्पष्ट विचारलं होतं. तारीख आठवत नाही, पण पावसाळा होता आणि तो बाहेर गाडी पुसत होता हे आठवतं.

"काबे, या इंजेक्शनचा आन् लेकरू न होण्याचा काही संबंध तर नाही ना?"

तो पुसत राहिला. "अबे, मर्दानगीचं इंजेक्शन आहे ते. उलट फायदाच होईन."

माझं समाधान झालं. मला समाधानच हवं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर दारव्ह्याकडच्या एका गावात मोजणी होती. दोन भावांचा धुऱ्याचा वाद, दोन्हीकडची माणसं जमलेली, पोलीस पाटीलही हजर. मी खुणा दाखवल्या तसा मोठा भाऊ हरला. त्याच्या बाजूचा एक दांडगा माणूस लिंबाखाली बसला होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "साहेब, जोर तर लय करून राह्यले. आमालेबी सांगा न, दिग्रसच्या जिममधून तुमी कोणतं इंजेक्शन घेता ते."

मी ऐकू न आल्यासारखं केलं.

"लाजता कायले? डॉक्टरनंच सांगतलं आमाले. आमच्याकडं मोजणीवाले साहेब येतात म्हणे, पाहा कसे झाले म्हणे."

दोन्ही भावांची माणसं हसली. वादात इतका वेळ एकमेकांकडं न पाहणारी माणसं एकत्र हसली. पोलीस पाटलानं मान खाली घातली, पण त्याचेही खांदे हलत होते. मी कागदावर सह्या घेतल्या. माझी स्वतःची सही तेवढी रेघेबाहेर गेली.

मी तडक लॅबवर गेलो. तो नव्हता, नागपूरला गेला होता. काउंटरवर त्याची बायको बसली होती, पेशंटची नावं लिहून घेत. तिला मी वहिनी म्हणतो. तिनं मला पाणी दिलं आणि बसायला सांगितलं. गर्दी नव्हती. ती आपली बोलत राहिली: मुलीची परीक्षा, जिमचं वाढलेलं लाइट बिल, भावाचं नुकतंच झालेलं लग्न.

"भाऊ माहा सारखा मांगं लागलता याह्यच्या, मले ते जिमवालं इंजेक्शन द्या म्हणे, शरीर भरते. पण याह्यनं साफ नाही म्हटलं. म्हणे, तुझं लगन आत्ता झालं, लेकरं नाही होत त्यानं. दोन दिवस तोंड फुगवून बसलता माहा भाऊ."

मी विचारलं, "कधीची गोष्ट?"

"मागच्या उन्हाळ्यातली. लग्नाच्या आठ दिवसानं." ती हसली. तिला काही माहीत नव्हतं. मी कोणतं इंजेक्शन घेतो हे त्यानं अख्ख्या तालुक्यात सांगितलं होतं, फक्त स्वतःच्या बायकोला सांगितलं नव्हतं.

मागचा उन्हाळा. गाडी पुसता पुसता त्यानं मला फायदाच होईल म्हणून सांगितलं ते त्याच्या नंतर, पावसाळ्यात. मी पाण्याचा ग्लास काउंटरवर ठेवला आणि बाहेर आलो. राग नंतर आला. त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटत होतं, की वहिनीच्या भावाची त्यानं काळजी घेतली आणि माझी घेतली नाही.

पुढच्याच आठवड्यात यवतमाळच्या बाईंनी माझी तपासणी करून घ्यायला सांगितली. "इतके दिवस सगळं बायकोचंच पाहिलं, आता तुमचंही पाहू," म्हणाल्या. रिपोर्ट आला. शुक्राणू शून्य. बाईंनी दोनदा वाचला. मग माझ्याकडं पाहून विचारलं, "काही औषधं चालू आहेत? इंजेक्शनं वगैरे?"

बायको माझ्या शेजारी बसली होती. तिची पर्स मांडीवर होती, त्यात तिच्या वर्षभराच्या सोनोग्राफ्या.

मी म्हटलं, "नाही."

हे मी केलं. मित्रानं काय केलं ते सांगताना हेही सांगितलं पाहिजे.

बाईंनी मला हार्मोनच्या डॉक्टरांकडं पाठवलं. तिथं मी आठ दिवसांनी एकटाच गेलो. ते वयस्कर होते, हळू बोलायचे. दार लावलं, तपासलं, आणि इतकंच म्हणाले, "सांगा आता. कोण देतं?" मी सगळं सांगितलं. रक्त काढलेल्या संध्याकाळपासून.

त्यांनी कोऱ्या कागदावर चित्र काढून दाखवलं. हे हार्मोन सकाळी सगळ्यात जास्त असतं, दिवस चढतो तसं उतरतं. खाल्लं तर आणखी कमी दिसतं. म्हणून रक्त सकाळी काढायचं, उपाशीपोटी, आणि तेही एकदा नाही, वेगवेगळ्या दिवशी दोनदा. नुसत्या एका आकड्यावर काही ठरवायचं नसतं.

"मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी असते," ते म्हणाले. "ती खाली वृषणांना निरोप पाठवते, की तयार करा. तुम्ही बाहेरून भरपूर टाकलंत. ग्रंथीला वाटलं, भरपूर आहे, निरोप कशाला पाठवू? निरोप बंद झाला, खालचं काम बंद झालं. हार्मोनही बनेना, शुक्राणूही बनेनात. औषधानं तुम्हाला जोर आला तो खरा, पण तुमचा स्वतःचा कारखाना त्यानंच बंद पाडला."

"म्हणजे मला आधी कमी नव्हतंच?"

त्यांनी चष्मा काढला. "ते आता कोणालाच सांगता येणार नाही. काही पुरुषांना खरंच कमी असतं. त्यांना हेच औषध नीट तपासून दिलं तर त्यांचं आयुष्य बदलतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तुमचं कोणी नीट पाहिलंच नाही." मग त्यांनी विचारलं, "घोरता का?"

घोरण्यामुळंच तर बायको कधीकधी दुसऱ्या खोलीत झोपायची. त्यांनी मान हलवली. झोपेत श्वास अडकत असेल तर माणूस असाच थकतो, गाडीवर झोपतो, त्याची इच्छा जाते, हार्मोनही खाली येतं. वजनानं येतं. वडील गेल्याच्या दुःखानंही येतं. "दुःख हा काही आजार नाही, पण ते शरीरातच राहतं ना?" असं ते म्हणाले, आणि मी त्या खुर्चीत रडलो. वडील गेले तेव्हा मी रडलो नव्हतो. मित्रानं तेव्हा सगळं सांभाळलं होतं.

इंजेक्शन बंद. स्वतःचं परत यायला सहा महिने, वर्ष, कधी जास्तही लागतं. कधी पूर्ण येत नाही. त्यांनी गोळ्या दिल्या आणि झोपेची तपासणी लिहून दिली.

बायकोला मी घरी सांगितलं, शनिवारी सकाळची शाळा करून ती आल्यावर. ती हात-पाय धुऊन बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं. सगळं एका दमात. ती ऐकत राहिली. मध्ये फक्त एकदा विचारलं, "म्हणजे मी भिंतीले धरून बाहेर आली तेव्हा तुम्ही हे घेऊन राह्यले होते?"

"मले माहीत नव्हतं त्यानं असं होते म्हणून."

"ते नाही विचारलं मी."

"हो. घेत होतो."

ती उठली, पर्समधल्या सगळ्या सोनोग्राफ्या काढल्या आणि माझ्या टेबलावर, नकाशांवर, नेऊन ठेवल्या. त्या दिवसापासून ती दुसऱ्या खोलीत झोपू लागली. घोरण्यासाठी नव्हे.

मित्राला मी जिमच्या जिन्यात गाठलं. भांडण असं झालंच नाही. मी विचारलं, "तुले माहीत होतं?"

त्यानं आधी इकडं-तिकडं पाहिलं. "थोडंफार. सगळ्यायलेच होत नाही तसं."

"साळ्याले तू नाही म्हटलं."

तो मग म्हणाला, "त्याचं नवीन लगन होतं बे. तुमचं तर तसंही होऊन नव्हतं राह्यलं. मले वाटलं, निदान तू खूश तर आहेस." आणि पुढं, "तू आला तेव्हा किती मरगळला होता, आठवते ना?"

मला त्याला मारावंसं वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त असं वाटलं, की त्यानं यावर काहीतरी आणखी बोलावं, चुकलो म्हणावं. जिन्यात वरून वजनं आपटल्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, "वर ये, बसू." मी खाली उतरलो. त्यानंतर आम्ही बोललो नाही. त्याची लॅब चालू आहे, जिमही. तक्रार करा असं डॉक्टर म्हणाले होते. मी अर्ज लिहिला, महिनाभर पिशवीत घेऊन फिरलो, आणि शेवटी दिला. एक साहेब येऊन चहा पिऊन गेले म्हणतात.

पुढचे महिने वाईट गेले. औषध उतरलं तसा मी पहिल्यापेक्षाही खाली गेलो. काही सकाळी पायात मोजे घालून तसाच अर्धा तास बसून राहायचो. झोपेच्या तपासणीत दोष निघाला, नाकावर लावायचं मशीन आलं. त्यानं महिन्याभरात फरक पडला. वजन उतरवलं, पायी कार्यालयात जाऊ लागलो. वर्षानं सकाळी, उपाशीपोटी, दोनदा रक्त दिलं, दोन्हीदा यवतमाळला. ठीक होतं. शुक्राणूही परतले होते, थोडे कमी, पण होते.

तो रिपोर्ट मी बायकोला दाखवला. तिनं वाचला, घडी घातली, परत दिला. "चांगलं झालं," म्हणाली. "पण मी आता नाही जात कुठं. माहं शरीर आता मले परत पाह्यजे." ती एकोणचाळीसची होती. मला तिला काही म्हणायचा हक्क कुठं होता?

हल्ली आम्ही नीट राहतो. एकत्र जेवतो, ती शाळेतलं सांगते, मी गावांतलं. पण मी औषधाची गोळी घेतली, साधी डोकेदुखीची जरी, तरी ती पाकीट उचलून नाव वाचते आणि मग खाली ठेवते.

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात एक लिपिक बदलून आला, पुसदकडचा, लग्नाला वर्ष झालेला. दुपारी तो दार लोटून माझ्यासमोर बसला आणि चाचरत म्हणाला, की थकवा येतो, घरी नीट नाही, जिममध्ये एकानं इंजेक्शन सांगितलंय, साहेब तुम्हाला म्हणे माहिती आहे. म्हणजे गावात माझ्या नावाची ती चर्चा अजून चालूच होती. मी त्याला बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं: काय घेतलं, काय बंद पडलं, शून्य कसं आलं, यवतमाळला कोणत्या डॉक्टरांकडं आणि किती वाजता जायचं. पुढच्या टेबलावरच्या दोघांनी ऐकलं. ऐकू दिलं.

संध्याकाळी मी हे बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

"त्याले एका दुपारी सांगतलं तुम्ही," ती म्हणाली. "ओळखपाळख नसताना. मले सांगायले दीड वर्ष लागलं."

तिनं पोळी तव्यावर टाकली आणि विचारलं, किती खाणार.